पांढरी साडी, लाल पुडी

भुलाबाईची गाणी मुली कुठून शिकतात, असं कुणी विचारलं तर आमच्याकडे बायका हसतील. कुठून म्हणजे काय? भाद्रपदाची पौर्णिमा आली, मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी फळीवर बसले, की गाणी आपोआप मुलींच्या तोंडी येतात. महिनाभर रोज संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात. गाणी झाली की खिरापत. ती झाकून ठेवायची आणि मुलींनी ओळखायची. ओळखता आली नाही तर "हरलो" म्हणायचं, मग झाकण निघतं. दार कुणी लावत नाही. वसुलीवाल्याला लावतील, पुढाऱ्याला लावतील, भुलाबाईच्या मुलींना नाही.

गोपाळकृष्णरावांना हे चांगलं माहीत होतं. म्हणून तर त्यांनी मुली निवडल्या.

साल पासष्ट. आम्ही तेव्हा अकोल्यात होतो. पाकिस्तानशी लढाई चालू होती. अकोल्यापर्यंत विमानं येणार नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, तरी खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले होते आणि प्रत्येक वस्तीत संरक्षण समिती निघाली होती. आमच्या गल्लीच्या समितीचं प्रचाराचं काम गोपाळकृष्णराव बघायचे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, आमच्या ह्यांचे जुने मित्र, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणत असे. नागपूरच्या एका शिबिराला जाऊन आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच विषय होता, मानसिक युद्ध. बंदुकीने माणूस मरतो, अफवेने गाव मरतं, असं ते चौकातल्या सभेत म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली मी, मला वाटलं, चला, शहाणं बोलणारं कुणीतरी आहे.

माझी तारा तेव्हा सहा वर्षांची होती, धाकटा पाळण्यात. मी पाणी उकळल्याशिवाय देत नसे, माशी बसलेला पदार्थ टाकून देत असे. आमचे हे म्हणायचे, तू पोरं वाढवतेस की दवाखाना चालवतेस? पण मागल्याच पावसाळ्यात गल्लीत पटकी आली होती आणि ताराला मी हातातून जाता जाता धरली होती. धरली म्हणजे, इंदूबाईंनी धरली. हे त्या दिवशी कोर्टाच्या कामाला बाहेरगावी. इंदूबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं, रिक्षात बसल्या आणि सबंध रस्ता तिचं तोंड पुसत इस्पितळात नेलं. त्यांची पांढरी साडी खराब झाली ती मी धुऊन देऊ केली, तर म्हणाल्या, "राहू द्या बाई, ह्या साडीचं कामच ते आहे."

इंदूबाई आरोग्यखात्याच्या. लस टोचायची, बाळंतिणी बघायच्या आणि पावसाळा ते दिवाळी दर आठवड्याला विहिरींत औषध टाकायचं, हे त्यांचं काम. आमच्या गल्लीच्या तोंडाशी विहीर आहे, गोड्या पाण्याची. ज्याने अकोल्याचं खारं पाणी प्यायलंय त्यालाच गोड्या विहिरीची किंमत कळेल. चार गल्ल्यांतल्या बायका तिथे भरायच्या. इंदूबाई पिशवीतून लाल दवाईची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची, पुडी काढायच्या, बादलीत कालवायच्या, जांभळं झालेलं पाणी विहिरीत सोडायच्या. थोड्या वेळाने रंग निवायचा, विहीर गुलाबीसर व्हायची, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी.

आणि त्या बौद्ध होत्या. छप्पनच्या दीक्षेनंतरच्या. हे सांगायला नको असं मला तेव्हा वाटायचं, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंदूबाई औषध टाकून गेल्या की शेजारच्या पार्बताबाई दोरावर पाणी मारायच्या. भांडण नाही, शिवी नाही. नुसता एक तांब्या दोरावर. आम्ही सगळ्या बघायचो आणि मग आपापल्या कळशा भरायचो.

लढाई ऐन भरात असताना एका संध्याकाळी तारा अंगणात एकटीच टिपऱ्या आपटत गात होती. मी धाकट्याला भरवत होते. गाणं नवं होतं.

पाण्याला गेली गं पांढरी साडी,
पदराच्या गाठीला लाल पुडी.
कुणी गं दिली ती, कुणासाठी नेली?
गोड्या विहिरीची गोडी कुठं गेली?

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी ताराला जवळ घेऊन हळूच विचारलं, बाळा, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, विमलमावशीनं. आज आठ घरी म्हटलं, सगळ्यांना आवडलं, दोनदा म्हणायला लावलं.

विमल म्हणजे गोपाळकृष्णरावांची बायको. भुलाबाईच्या मुलींना तीच गोळा करायची. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले तर लपवणं दूरच, तिला केवढा अभिमान. म्हणाली, यांनीच रचलंय, चालीत बसलंय की नाही अगदी? मी विचारलं, कशासाठी? तिने आत हाक मारली.

गोपाळकृष्णराव पान जमवत बाहेर आले. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. ही अफवेची कवायत आहे. आगीची कवायत असते, ब्लॅकआउटची असते, तशी. शत्रूने आपल्या गावात एक खोटी गोष्ट सोडली तर ती किती लवकर फिरते, कोण विश्वास ठेवतं, कोण चौकशी करतं, हे बघायचं. येत्या रविवारी सभा घ्यायची आणि लोकांना सांगायचं, की बघा, तुम्ही सगळे फसलात. लोक ओशाळतील आणि जन्मभर शहाणे होतील.

"पांढरी साडी का घातली त्यात?" मी विचारलं.

"खोटं एकटं चालत नाही, वहिनी. त्याला खऱ्याच्या खांद्यावर बसवावं लागतं. आणि मी कुणाचं नाव घेतलंय का? सांगा."

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. त्या विहिरीवर पांढऱ्या साडीत पुडी घेऊन येणारी बाई एकच होती, आणि तिच्यामागे दोर धुणारे हात आधीच तयार होते. त्यांना नुसतं कारण हवं होतं. ते गोपाळकृष्णरावांनी चालीत बसवून दिलं.

मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबू नका, आजच सांगा. ते हसले. कवायत अर्धवट सोडत नाहीत म्हणाले. विमलने माझ्या हातावर साखर-खोबरं ठेवलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे समितीत होतेच. म्हणाले, गोपाळ हुशार माणूस आहे, काहीतरी विचार केलाच असेल, आणि आता लढाईच्या दिवसांत समितीत फूट दिसू नये. मी सारखं एकच म्हणत राहिले, इंदूबाईंना काही झालं तर? हे म्हणाले, काय होणार आहे, पोरींचं गाणं आहे.

रविवार आला. सभा झाली. मी धाकट्याला कडेवर घेऊन पुढे उभी राहिले, कारण मला ते वाक्य ऐकायचं होतं. ते आलंच नाही. कुणी मोठे साहेब गाडीतून आले होते. त्यांनी सांगितलं, की या गल्लीसारखी जागरूकता त्यांनी जिल्ह्यात पाहिली नाही. कारण तोवर गाणं चार गल्ल्यांत पोचलं होतं आणि तरुण पोरांनी विहिरीवर काठ्या घेऊन पहारा बसवला होता. साहेबांनी गोपाळकृष्णरावांच्या पाठीवर हात ठेवला. गोपाळकृष्णरावांनी मान खाली घातली, लाजल्यासारखी.

सभा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "आता कसं सांगू, वहिनी? मीच रचलं असं कळलं, तर उद्या समितीच्या सूचनेवर कोण विश्वास ठेवेल? लोकांच्या भल्याचा विचार करा."

लोकांच्या भल्याचा.

मंगळवारी इंदूबाई औषध टाकायला आल्या. मी त्यांना आदल्या दिवशी निरोप पाठवला होता, येऊ नका म्हणून. पण विहिरीत औषध पडलं नाही तर जाब त्यांनाच. पहाऱ्यावरच्या पोरांत उत्तमराव म्हणून एक होता, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, तसा साधा मुलगा, माझ्या धाकट्याला खेळवायचा. त्याने पिशवी हिसकली. मी ओरडा ऐकून धावत गेले तेव्हा इंदूबाई काठाला टेकून उभ्या होत्या आणि भोवती गर्दी.

"दवाई आहे ना? मंग खाऊन दाखव," उत्तमराव म्हणत होता.

"कोरडी खात नाही रे बाबू ती. पाण्यात टाकतात."

"कावून? भेव लागते काय?"

मी ओरडून सांगत होते, की ती दवाई कोरडी खाल्ली तर तोंड जळतं, मिठागत चाखायची वस्तू नाही ती. माझ्याकडे कोण बघतंय? इंदूबाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. त्यांत त्यांनी बाळंत केलेल्या बायका होत्या, लस टोचलेली पोरं होती. मग त्यांनी पुडीतले चार खडे जिभेवर ठेवले.

सांगते काय झालं. जीभ जळली. ओठ, दात, हिरड्या काळपट तपकिरी झाल्या, कात चघळत बसल्यासारख्या. त्या वाकून थुंकायला लागल्या आणि थुंकीही तशीच पडली. गर्दीत मागून एका बाईचा आवाज आला, "पाहा. इखच होतं. तोंड कायं पडलं."

खाल्लं नसतं तरी विष, खाल्लं म्हणूनही विष. एवढा चोख तर्क गोपाळकृष्णरावांनी वर्गातसुद्धा कधी शिकवला नसेल. उरलेली दवाई पोरांनी गटारात ओतली. गटार जांभळं वाहत गेलं ते बघायला मुलं पळत होती, आणि माझी तारा त्यांत होती.

मी इंदूबाईंना घरी आणलं, दुधाच्या चुळा भरवल्या. त्यांना बोलता येत नव्हतं. कसंबसं एवढंच म्हणाल्या, "मी पुन्हा येतो, बाई. हीर तशीच राहिली." माझा संताप होत होता आणि त्यांना विहिरीची काळजी.

दोन दिवसांनी भुलाबाईची पाळी माझ्या घरची होती. मी ठरवलं. इंदूबाईंकडून मागून घेतलेली थोडी दवाई माझ्याकडे होती, भाजी धुवायला मी ती ठेवतच असे. पितळेच्या गंगाळात विहिरीचं पाणी घेतलं, उकळून निववलं आणि त्यात दवाईची अगदी बारीक चिमूट सोडली. फिकट गुलाबी रंग आला. वर परात झाकली. ह्यांना म्हटलं, भाऊजींना आज चहाला बोलवा. हे खूश झाले, भांडण मिटलं असं त्यांना वाटलं.

मुली आल्या, मागून त्यांच्या आया आल्या. विमल होती, पार्बताबाई होत्या. गोपाळकृष्णराव ह्यांच्याबरोबर ओसरीच्या कडेला चहा घेत बसले. गाणी झाली. ते गाणंही झालं. मी मध्ये बोलले नाही. मग मुलींनी खिरापत ओळखायला सुरुवात केली. गोड की तिखट? गोडही नाही, तिखटही नाही. मुरमुरे? नाही. भिजली डाळ? नाही. पोरी कंटाळल्या, "हरलो काकू, हरलो." मी परात उचलली.

पाणी बघून कुणाला कळेना. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हेच ते विहिरीतलं औषध, पाण्यात टाकल्यावर असं दिसतं, हे पिऊन काही होत नाही, उलट हे नसलं तर पटकी होते. आणि पांढऱ्या साडीचं गाणं जुनं नाही, भुलाबाईचं नाही, ते ह्या इथे बसलेल्या गोपाळकृष्णभाऊजींनी रचलंय, तुमची परीक्षा घ्यायला. त्यात खरं काही नाही, हे त्यांनीच मला सांगितलंय.

मी पेला भरून त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच पहिले घ्या, भाऊजी. खोटं आहे हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

पेला घेतला असता तर सगळं संपलं असतं. एक घोट. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं, हिशोब होताना दिसला. मग ते अगदी हळुवार आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही दमलेल्या आहात. दोन लहान मुलं, त्यात ही लढाई. पण इंदूबाई परवा तुमच्याच घरी बराच वेळ होत्या ना? हे पाणी त्यांनी दिलं की तुम्ही आणलं, मी कसं ओळखू?"

एवढंच. आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. बायकांनी आपापल्या पोरींना मनगटाला धरून मागे ओढलं. विमलनेही ओढलं. तिच्या समोर बसून नवऱ्याने ते गाणं रचलं होतं, तिने ते पोरींना शिकवलं होतं, आणि आता तीच आपली मुलगी पदराखाली घेत होती. नाटक नव्हतं ते. तिचा चेहरा भ्यालेला होता.

पार्बताबाई उठता उठता म्हणाल्या, "सिंधू, तू शिकली-सवरली पोरगी. तुले बी नादी लावलं का तिनं?"

मी त्यांच्यासमोर तो पेला तोंडाला लावला आणि सबंध रिकामा केला. दुसरा भरला, तोही प्यायले. हे ओसरीवरून उठलेसुद्धा नाहीत. आणि तारा, माझी तारा, जिचं तोंड इंदूबाईंनी रस्ताभर पुसलं होतं, माझ्या पायांना मिठी मारून रडायला लागली.

"आई, थुंक. थुंकून टाक ना गं."

लढाई त्याच महिन्यात थांबली. विहिरीत त्या मोसमात पुन्हा औषध पडलं नाही. दिवाळीआधी पार्बताबाईंच्या नातवाला आणि मागल्या गल्लीत आणखी दोघांना पटकी झाली. पोरं वाचली, पण लोक काय म्हणाले ते सांगायला हवं का? म्हणाले, पुडी तेव्हाच पडली असणार. इंदूबाईंनी स्वतः अर्ज करून चांदूर रेल्वेला बदली मागून घेतली. निघताना मी स्टेशनवर गेले होते. दातांचा डाग गेला होता. जिभेला चव अजून आली नाही म्हणाल्या, मीठ कमी-जास्त झालेलं कळत नाही. पुढच्या महिन्यात गोपाळकृष्णरावांचं कॉलेजात व्याख्यान झालं. विषय होता, अफवांपासून सावध.

मी ह्यांच्याशी पुष्कळ दिवस कामापुरतं बोलले. पुढच्या वर्षी ह्यांनी अमरावतीला वकिली हलवली. माझं माहेर अमरावतीचं, कॉलेजही तिथलंच. मला वाटलं, सुटलो.

भाद्रपदाची पौर्णिमा आली. नव्या गल्लीतल्या मुली ताराला बोलवायला आल्या, ती गेली. संध्याकाळी सगळ्या आमच्या घरी आल्या. मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या, परातीखाली झाकून ठेवल्या होत्या. दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं.

पाण्याला गेली गं पांढरी साडी.

एक शब्द बदलला नव्हता. चाल तीच, टिपऱ्यांचा ठोका तोच. मी मोठ्या मुलीला विचारलं, हे कुठून आणलं? ती म्हणाली, "आमचं जुनंच आहे, काकू. आजी म्हणते."

वर्षभरात ते आजीचं झालं होतं. आता ते कुणाचं नव्हतं, म्हणजे सगळ्यांचं होतं. त्याला बाप नव्हता, आणि गोपाळकृष्णरावांना तेच हवं होतं. इथेही कुठेतरी विहीर असेल, इथेही पांढऱ्या साडीतली बाई पुडी घेऊन येत असेल.

मी मधे उभी राहिले आणि टिपऱ्या थांबवल्या. मुली परातीकडे बघत होत्या. एकीने विचारलंसुद्धा, गोड की तिखट?

"बसा," मी म्हटलं. "आज खिरापत नंतर. हे गाणं कुणी रचलं ते आधी ओळखा."

त्यांना तो नवा खेळ वाटला. भुलाबाईनं. आजीनं. भुलोजीनं, आणि मग हसणं. मी हसले नाही. हातांनी परात दाबून धरली होती. हळूहळू हसू थांबलं. एकजण कुरकुरली, "हरलो काकू."

"हरायचं नाही. कुणाला तरी माहीत आहे."

तारा भिंतीशी बसली होती, टिपऱ्या मांडीवर. मान खाली. मला वाटलं, हिला उठवून आत पाठवावी. सात वर्षांचं पोर. पण मी परात सोडली नाही.

"गोपाळकाकांनी," तारा म्हणाली. "अकोल्याच्या. आणि ती पांढरी साडी इंदूमावशीची होती. तिनं मला मांडीवर घेतलं होतं."

मग मी मुलींना सगळं सांगितलं, नावांसकट. त्या आपापल्या घरी जाऊन सांगणार होत्या. दारं त्यांना कुणी लावत नाही.